भुसावळातलं रुळाजवळचं जुनं घर: पाडायचं की राहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा भुसावळला गार्ड होते. रिटायर झाल्यावर त्यांनी रेल्वे कॉलनीच्या कंपाउंडला लागून एक जुनं घर विकत घेतलं. पुढच्या दोन खोल्या कौलारू, मागच्या खोलीचं छत लोखंडी रुळांवर विटांच्या कमानींचं. घराचं तोंड रुळांकडे, रूळ शंभरेक फुटांवर. घर आठ वर्षं बंद आहे. वडील आता पुण्यातला फ्लॅट सोडून तिथे राहायला जायचं म्हणतात. भिंतींना तिरके तडे गेलेत. ठेकेदाराचं म्हणणं, गाड्यांच्या हादऱ्यानं घर खिळखिळं झालंय, पाडा आणि आरसीसी बांधा. तुम्ही विचारताय, पाडावं का, आणि सत्तरीच्या माणसानं तिथे राहावं का?

मी तीसेक वर्षं रेल्वेच्या इमारतींची देखभाल केली. आमच्या कचेरीला कॉलनीत अजूनही ‘आयओडब्ल्यू ऑफिस’च म्हणतात, म्हणजे इन्स्पेक्टर ऑफ वर्क्सचं ऑफिस. गळकी क्वार्टर्स, तुंबलेल्या मोऱ्या, वाळवी लागलेल्या चौकटी आणि त्यावरून रोज भांडायला येणारी माणसं, यात नोकरी संपली. आता जळगाव, चाळीसगाव, अमळनेर भागातली जुनी घरं बघून द्यायला लोक बोलावतात. त्या अनुभवावरून सांगतो. उत्तर लांबेल.

पाडू नका. निदान आत्ता नको. एक उन्हाळा आणि एक पावसाळा वडिलांना त्या घरात राहू द्या, मग ठरवा. हे मी जुन्या घराच्या प्रेमापोटी म्हणत नाही. जुनी घरं मी स्वतः पाडायला लावली आहेत, काही तर त्याच दिवशी रिकामी करायला लावली आहेत. पण तुमच्या बाबतीत पाडणं हे एकच काम असं आहे की ते केल्यावर मागे येता येत नाही, आणि त्यात तुमचं सगळ्यात मोठं नुकसान भिंतींचं होणार नाही, जागेचं होईल.

कसं ते सांगतो. रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत नवं बांधकाम करायचं तर परवानगी देण्याआधी रेल्वेचं ना हरकत प्रमाणपत्र मागितलं जातं. हे अंतर रुळापासून मोजत नाहीत, हद्दीपासून मोजतात. तुम्ही ‘रूळ शंभर फुटांवर’ म्हणता, पण तुमची मागची भिंतसुद्धा कॉलनीच्या कंपाउंडपासून तीस मीटरच्या आतच असणार. आज जे घर उभं आहे ते उभं आहे. त्याची डागडुजी करणं वेगळं. ते जमीनदोस्त करून मोकळ्या प्लॉटवर नवा नकाशा टाकला की तुम्ही नव्या अर्जदाराच्या रांगेत उभे राहता. मग रस्त्यापासून किती सोडायचं, बाजूनं किती सोडायचं, रेल्वे किती सोडायला सांगते, हे सगळं आजच्या नियमानं. अरुंद प्लॉटवर एवढं सोडून उरतं काय, ते कागदावर आखून बघा. घर पाडून दोन-दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढलेली माणसं मी बघितली आहेत. ठेकेदार तोपर्यंत दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

आता हद्द. इथे थोडा इतिहास आलाच. भुसावळ मोठं झालं ते जी.आय.पी., म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेमुळे. इथून लाइन फुटली, एक खंडव्याकडून जबलपूरच्या दिशेला, दुसरी नागपूरला. नागपूरची लाइन 1867 मध्ये पोहोचली आणि 1870 मध्ये मुंबई ते कलकत्ता अशी सलग लाइन जोडली गेली. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं, ते तापीचं मिळालं. मग शेड आली, यार्ड आलं, साहेबांचे बंगले, बाबूंची क्वार्टर्स, खलाशांच्या चाळी आल्या. पुढे 1925 मध्ये जी.आय.पी.चा कारभार सरकारकडे आला आणि 1951 मध्ये मध्य रेल्वे झाली. एवढ्या काळात जमीन एकदाच घेतलेली नाही, गरजेप्रमाणे तुकड्यातुकड्यानं घेतली आहे. रेल्वेचे जमिनीचे नकाशे वेगळे, शहराचा सिटी सर्व्हे वेगळा, आणि जागेवरची भिंत कोणीतरी कधीतरी सोयीनं घातलेली. या तिन्ही रेषा एकमेकींवर बसतीलच असं नाही. भुसावळात एका चाळीचं नावच हद्दीवाली चाळ होतं, यावरून काय ते समजा.

म्हणून पहिलं काम मालमत्ता पत्रक काढा, ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. त्यात धारक कोण आणि सत्ता प्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्कानं धरलीय, काय लिहिलाय ते वाचा. ‘आम्ही पन्नास वर्षं घरपट्टी भरतो’ हे मला प्रत्येक जण सांगतो. घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल हा मालकीचा पुरावा नाही. नगरपालिका बांधकामावर कर घेते, खालची जमीन कोणाची हे ती पावती सांगत नाही. त्याच भागात काही घरं रेल्वेच्या जमिनीवर नुसती वसलेली होती. त्यांच्याकडेही पावत्या होत्या, मीटर होते, रेशनकार्डही होतं. सार्वजनिक जागांवरच्या अनधिकृत भोगवटादारांसाठी 1971 चा कायदा आहे. त्याखाली नोटीस आली तेव्हा यातलं काहीच कामाला आलं नाही.

तुमच्याकडे आजोबांचं नोंदणीकृत खरेदीखत आहे, हे फार चांगलं. पण कार्डावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद करून घ्या. तुम्हाला दोन आत्या आहेत असं लिहिलंय. त्यांचाही हिस्सा आहे. त्या हक्कसोड पत्र देणार की नाही, हे घरात बसून प्रेमानं बोलून घ्या. भिंतीवर पैसे लावल्यानंतर हा विषय निघाला की प्रेम कमी पडतं.

मग भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. अर्जात लगतधारक, म्हणजे शेजारच्या जमिनीचा धारक, म्हणून रेल्वेचं नाव आवर्जून लिहा, म्हणजे त्यांना नोटीस जाते आणि मोजणीच्या दिवशी त्यांचा माणूस येतो. तो आला नाही आणि तुम्ही एकट्यानं मोजून घेतलं तर उद्या ‘आम्हाला मान्य नाही’ म्हणायला रेल्वे मोकळी. जागेवर जुन्या रुळाचे हातभर उंचीचे तुकडे रोवलेले दिसतात का ते बघा. रेल्वे हद्द दाखवायला तसे खांब वापरते. कधी ते झुडपात असतात, कधी कोणाच्या तरी ओट्यात बुजवलेले असतात, आणि एकदा तर मला एक खांब म्हशीच्या खुंट्याचं काम करताना सापडला. मोजणी झाली की ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्या आणि जपून ठेवा.

एक चौकशी अजून करा. केंद्रानं नोव्हेंबर 2024 मध्ये भुसावळ–खंडवा तिसरी-चौथी लाइन आणि मनमाड–जळगाव चौथी लाइन मंजूर केली आहे. लाइन वाढली की जमीन लागते. तुमचं घर त्या बाजूला येतं की नाही, हे घर कुठल्या अंगाला आहे त्यावर आहे. रेल्वे कायद्याच्या 20ए कलमाखाली भूसंपादनाची अधिसूचना निघते आणि तिच्यात गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर दिलेले असतात. आपला नंबर त्यात आहे का, ते प्रांत कचेरीत विचारा. चहाच्या टपरीवर विचारू नका. तिथे दरवर्षी सगळं भुसावळ उठतं.

कागदाचं झालं. आता तड्यांकडे येऊ.

ठेकेदार म्हणतो हादऱ्यानं. तुम्ही पाठवलेले फोटो मी दोनदा बघितले. रुळांकडच्या पुढच्या भिंतीला केसासारख्या बारीक रेघा आहेत, त्याही गिलाव्याच्या. मोठा तडा मागच्या कोपऱ्यात आहे, खिडकीच्या वरच्या टोकापासून तिरका वर चढणारा. तिथेच न्हाणी आहे आणि बाहेर तीन-चार हातांवर निंबाचं जुनं झाड. गाडीच्या हादऱ्यानं घर फुटत असतं तर आधी पुढची भिंत फुटली असती. गाडीला मागचा कोपरा शोधून काढण्याचं काय कारण?

हा तडा मातीचा आहे. आपल्या तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. मे महिन्यात शेतात भेगा पडतात, त्यात हात जातो. तीच माती तुमच्या पायाखाली आहे. घराच्या मधोमध ती वर्षभर सारखी राहते, कोपऱ्यांना मात्र उन्हाळ्यात सुकते आणि पावसाळ्यात भिजते. त्यात एका कोपऱ्याला निंब पाणी ओढतोय आणि घर वापरात होतं तेव्हा न्हाणीची फुटकी मोरी तिथेच पाणी मुरवत होती. आठ वर्षं घर बंद म्हणजे मोरी कोरडी, निंब मात्र चालू. कोपरा खाली बसला, खिडकीपासून भिंत चिरली.

हे माझं म्हणणंही तसंच मानू नका, तपासा. तड्यावरचा गिलावा बोटभर रुंदीचा खरवडून वीट उघडी करा. पातळ काचेची इंचभर रुंद पट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं अराल्डाइटनं चिकटवा. शेजारी भिंतीवर पेन्सिलीनं तारीख लिहा. अशा तीन पट्ट्या लावा: तड्याच्या खाली, मध्ये आणि वर. भिंत हलली तर काच तडकते. काचेला ताण सोसत नाही, त्यामुळे ती खोटं बोलत नाही. तड्याची रुंदीही लिहून ठेवा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला, भर उन्हाळ्यात) किती आणि पोळ्याला (पावसाळ्यात) किती. आखाजीला रुंद आणि पोळ्याला मिटलेला असेल तर माती श्वास घेतेय एवढंच, घर पडत नाहीये. दोन्ही वेळेला वाढतच गेला असेल, किंवा तड्याच्या दोन बाजू मागेपुढे झाल्या असतील, म्हणजे बोट फिरवल्यावर पायरी लागत असेल, तर मला कळवा आणि त्या कोपऱ्यात कोणाला झोपवू नका.

तोवर दोन कामं करा. न्हाणीची मोरी बदला, पाइप थेट बाहेरच्या गटारीपर्यंत न्या. घराभोवती तीन फूट रुंद फरशी घाला, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पागोळीचं पाणी पायात मुरणार नाही. एक काम करू नका: निंब तोडू नका. लोक चिडून झाड तोडतात. मोठं झाड एकदम गेलं की इतकी वर्षं त्यानं सुकवलेली माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि खाली बसलेला कोपरा वर उचलला जातो. मग दुसऱ्या दिशेनं तडा. फांद्या छाटा, दर वर्षी थोड्या थोड्या.

मागच्या खोलीबद्दल मात्र मी जरा सविस्तर लिहिणार, कारण तिथे चूक झाली तर जिवावर येईल. रुळांवर विटांच्या कमानींचं छत रेल्वेच्या गावांत पुष्कळ दिसतं. भंगाराच्या लिलावातले जुने रूळ घ्यायचे, तीन-चार फुटांवर आडवे टाकायचे, दोन रुळांच्या मध्ये विटांची बसकी कमान, वर चुन्याचा कोबा. शंभर वर्षं टिकणारं काम आहे. रुळाच्या पोटावर उठावदार अक्षरांत कारखान्याचं नाव आणि साल असतं. चुन्याचे थर खरवडले की दिसतं. लोक ते साल बघून ‘आमचं घर एवढ्या साली बांधलं’ म्हणतात. ते साल रुळाचं असतं. तो रूळ आधी गाड्यांखाली किती वर्षं झिजला आणि मग तुमच्या घरात आला, ते साल कुठे लिहिलेलं नसतं.

यात समजून घ्यायची गोष्ट अशी की प्रत्येक कमान आपल्या दोन्ही बाजूंच्या रुळांना बाहेर रेटत असते. मधल्या कमानी एकमेकींना तोलतात. टोकाच्या कमानीला पलीकडे तोलायला कोणी नाही, म्हणून तिथे रुळांना जोडणाऱ्या लोखंडी सळ्या घातलेल्या असतात, छताखाली आडव्या. त्या कुरूप दिसतात. एका घरी पोटमाळा नीट बसत नाही म्हणून सुताराकडून त्या कापून घेतलेल्या मी बघितल्या. छत तेव्हा पडलं नाही. पुढच्या पावसाळ्यात टोकाचा रूळ अंगठाभर सरकला आणि कमानीतून चार विटा पाळण्यावर पडल्या. पाळणा त्या वेळी रिकामा होता.

तेव्हा सळ्यांना हात नाही. एखादी कमान खराब झाली म्हणून तेवढीच काढून तिथे स्लॅब, हेही नाही, कारण शेजारच्या कमानी त्या पोकळीकडे रेटतील. बघायचं काय, तर रुळाचा खालचा पाय. गंजून पापुद्रे निघतात का, ते लोखंडी ब्रशनं घासून बघा. गंज फुगतो आणि गिलाव्याला रुळाच्या रेषेत सरळ चीर पाडतो. ती चीर बघून लोक घाबरतात, पण बहुतेक वेळा आत रूळ ठणठणीत असतो. पायाची जाडी निम्म्यावर आली असेल तर मात्र खालून टेकू दिल्याशिवाय खोलीत कोणी जायचं नाही. आणि रूळ भिंतीत जिथे शिरतो तिथे वरून पाणी येतंय का ते बघा, तिथला गंज दिसत नाही. हातोडीच्या दांड्यानं विटा हळू ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर तिथे खडूनं खूण करा. हे काम एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला समोर उभं करून करा. मी फोटोवरून तुम्हाला त्या खोलीत झोपा असं सांगणार नाही.

पुढच्या कौलारू खोल्या त्या मानानं सोप्या. सागवानी कैच्या आहेत, त्यात जाड पेचकस टोचून बघा. जिथे पाणी पडत होतं आणि जिथे लाकूड भिंतीत गेलंय तिथेच वाळवी सापडते. मंगलोरी कौलं बदलायची तर पाडलेल्या घरांची जुनी घ्या, आधी दोन नेऊन खाच जुळते का बघा, कारण दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत. वानरं येत असतील तर दर वर्षी पन्नासेक कौलं हाताशी ठेवायची, त्याला इलाज नाही.

भिंतीच्या खालच्या भागात पांढरं पीठ सुटतंय, रंग टिकत नाही, असं लिहिलंय. तो लोणा. यात मी स्वतः हात पोळून घेतले आहेत. नोकरीत असताना माझ्याच घरच्या चुन्याच्या भिंतीवर मी चार फूट सिमेंटचा गिलावा चढवला. साहेबांच्या बंगल्यांना चुना सुचवणारा मी, घरी घाई झाली म्हणून सिमेंट. दोन वर्षं भिंत आरशासारखी होती. मग लोणा चार फुटांच्या वर, सिमेंट संपतं तिथून निघाला, आणि बायकोच्या ट्रंकेमागे भिंत हातानं कोरावी तशी भुसभुशीत झाली. ओल जमिनीतून वर येतेच. चुन्यातून ती उडून जाते, सिमेंटनं तोंड बांधलं की वर चढते. ती भिंत मी अजून बघतो आणि गप्प बसतो.

म्हणून तुमच्या भिंतींचं सिमेंट, असेल तेवढं, जमिनीपासून ओल चढलेल्या रेषेच्याही हातभर वरपर्यंत काढून टाका. विटांचे सांधे खरवडा आणि भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवा. दिसायला भिकार दिसेल. मग दिवाळीनंतर, ऊन उतरल्यावर, चांगला भिजवलेला चुना एक भाग आणि चाळलेली वाळू तीन भाग असा गिलावा करा. मे महिन्यात चुन्याचं काम करू देऊ नका, तो पकडायच्या आत सुकतो. गवंडी ‘चुना कोण वापरतं आता’ म्हणेल. त्याला चुना येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. यावल–रावेरकडे अजून जुने हात सापडतात, विचारत राहा. रस्ता वर्षानुवर्षं डांबर चढून जोत्याच्या बरोबरीला आला असेल तर मात्र दारातून येणारं पाणी चुना थांबवणार नाही. तिथे आधी गटारीचं बघावं लागेल, आणि रुळाखालून पाणी जाणारी मोरी पावसाळ्याआधी साफ होते का तेही. रुळाचा भराव म्हणजे बांधच. मोरी तुंबली की पाणी वस्तीत थांबतं.

तेव्हा इथपर्यंतचा क्रम असा: आधी कार्ड आणि वारस, मग मोजणी, मग काचेच्या पट्ट्या आणि न्हाणीची मोरी, मग मागच्या छताची तपासणी. या सगळ्याला पाडण्याच्या खर्चाच्या मानानं फार थोडे पैसे लागतात.

आता वडिलांच्या राहण्याचं. सगळे आवाजाचं विचारतात. खरं सांगायचं तर आजोबांच्या वेळेपेक्षा आता आवाज कमी आहे. तेव्हा रूळ तेरा-तेरा मीटरचे, प्रत्येक सांध्यावर चाक आपटायचं, त्या खडखडाटाचा ठेका सगळ्यांना पाठ होता. आता रूळ लांबच लांब वेल्डिंग केलेले असतात. वाफेची इंजिनं गेली, दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर पडणारे कोळशाचे कण गेले. रात्री-अपरात्री दार वाजवून, कंदिलाच्या उजेडात वहीवर सही घेऊन गार्ड-ड्रायव्हरला ड्यूटीवर बोलावणारा कॉलमन गेला. वडिलांना तो नक्की आठवत असेल, विचारून बघा. उरलं ते हॉर्न, स्टेशनवरची अनाउन्समेंट आणि मालगाडी सुटताना डब्या-डब्यातून जाणारा धक्का. पंधरा दिवसांत कान सोडून देतो. पाहुण्यांचा सोडत नाही. मुलं-नातवंडं येतील तेव्हा पहिल्या रात्री जागी राहतील. वडील रेल्वेच्या वस्तीतच वाढलेत, म्हणून त्यांचं मला विशेष वाटत नाही. झोपेची गोळी चालू असेल किंवा कानाला यंत्र असेल तर गोष्ट वेगळी.

उन्हाळा ही खरी परीक्षा आहे. पुण्याच्या माणसाला पंचेचाळीसच्या पुढचा पारा नुसता ऐकून माहीत असतो. इथे तुमच्या घराची एक गंमत आहे. मागची कमानीची खोली जाड, ती दुपारी गार राहते, पण साठवलेली उष्णता रात्री बारापर्यंत सोडत बसते. कौलारू खोली दुपारी भट्टी, पण सूर्य गेला की तासाभरात निवते. म्हणजे दुपार मागे आणि रात्र पुढे काढायची. आणि पुढची खोली नेमकी रुळांकडची. जुनी माणसं याच्यावर तोडगा म्हणून अंगणात बाज टाकायची. आता डासांमुळे आणि वयामुळे ते वडिलांना जमेल का, हे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, तिथे राहिल्याशिवाय कळणार नाही. एसीसाठी पुढच्या खोलीला थर्माकोलचं फॉल्स सीलिंग ठोकायला कोणी सुचवेल, ते नको. चौदा फूट उंची आणि वरचे झरोके हीच त्या खोलीची ताकद आहे, ती बंद केली की वर कौलांखाली वाळवीला निवांत घर मिळतं. कूलर लावा, समोरची खिडकी उघडी ठेवा, मागच्या गच्चीवर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या.

नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते शेजारच्या बाईंना विचारा आणि त्या हिशोबानं टाकी घ्या. रेल्वेच्या क्वार्टर्सचं पाणी वेगळं, ते बघून अंदाज बांधू नका. तसंच रेल्वे हॉस्पिटलचं. आजोबांना तिथे सोय होती, वडील रेल्वेत नव्हते, त्यांना ती नाही. त्यांचे डॉक्टर आणि औषधाचं दुकान रुळाच्या कोणत्या बाजूला पडतं ते आधी बघा. गावाचे दोन भाग रुळानं पाडलेत. नकाशात पाच मिनिटांवर दिसणारा दवाखाना पुलाच्या पायऱ्या किंवा लांबचा वळसा घेऊन गाठावा लागतो, आणि गुडघे सत्तरीचे असतील तर तो फरक रोजचा आहे.

शेजाराबद्दल काळजी नको. रेल्वेच्या वस्तीत लेवा बोलीत भांडण सुरू होतं, हिंदीत वाढतं आणि तेलुगूत मिटतं. माणूस दोन दिवस दिसला नाही तर दार वाजवायला कोणीतरी येतंच, कारण शिफ्टमुळे त्या गल्लीत चोवीस तास कोणीतरी जागं असतं. पुण्याच्या सोसायटीत हे आहे का, ते तुम्हीच ठरवा.

माझा सल्ला मानणार असाल तर वडिलांना दिवाळीनंतर पाठवा, थंडीत घराशी ओळख होईल. फ्लॅट विकू नका, भाड्यानंही देऊ नका, कुलूप लावून ठेवा. पट्ट्या लावल्या की पहिला फोटो तारखेसकट टाका, आणि एखादी तडकली तर कुठल्या महिन्यात ते लिहा. आणि मागच्या खोलीतल्या रुळाचा चुना खरवडलात तर आत कोणतं साल निघतं तेही सांगा, मला उत्सुकता आहे.